ओल्या बारदान्याचा वास

गोंदिया जिल्ह्यात वाइन ओतून बावीस वर्षं पोट भरलं असं मी सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली करून विचारतात, "म्हणजे बारमध्ये होता काय?" बारमध्ये नव्हतो. बोदलकसा तलावाच्या बाजूला, जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट आहे, तिथं होतो. नागपूर, रायपूर, मुंबईकडून वाघ पाहायला येणारी माणसं तिथं उतरत. वाघ दिसला तर आनंदात पीत, नाही दिसला तर दुःखात पीत, त्यामुळे माझा धंदा वाघाच्या मर्जीवर कधीच अवलंबून नव्हता.

मी सडक अर्जुनीकडचा, कोहळी. आमच्या लोकांचा लौकिक तलाव बांधण्याचा. आमच्या गावचा तलाव पणजोबांच्या देखरेखीखाली बांधला गेला असं घरात सांगतात, आणि त्याची पाळ आजही फुटलेली नाही. अशा घरातला पोरगा गळ्यात बो लावून बाटल्या उघडतो हे कळल्यावर वडील एकच वाक्य बोलले. "बापजाद्यांनी गावाले पानी पाजलं, आन् तू लोकायले दारू पाजून राहिला." नंतर त्यांनी हा विषय काढला नाही, मीही काढला नाही. त्यांना माझ्या कामाचा अभिमान वाटावा असं मला फार वाटे, पण ते काही जमलं नाही.

कामाचं शिक्षण किती, तर दोन दिवस. नाशिककडून एक प्रशिक्षक आले होते, त्यांनी आम्हा चार वेटरांना समोर उभं केलं आणि वाइनचा सगळा संसार दोन दिवसांत सांगितला. ग्लास दांड्याला धरायचा, पोटाला नाही, नाहीतर हाताची ऊब वाइनला लागते. आधी रंग पाहायचा, मग ग्लास गोल फिरवायचा, मग नाक आत घालून हुंगायचं, आणि सगळ्यात शेवटी घोट. जिभेला आंबट, गोड, खारट, तुरट, कडू एवढंच कळतं, बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम असतं. सर्दी झाली की वरण-भात बेचव लागतो तो त्यामुळेच. हे शेवटचं मला इतकं पटलं की मी ते पुढे हजार वेळा पाहुण्यांना सांगितलं.

जाताना त्यांनी एक पुस्तिका दिली. त्यात लिहिलं होतं, रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. मी आज्ञाधारक माणूस. मे महिन्यात, आमच्याकडे बाहेर ठेवलेलं पाणी अंघोळीला घ्यावं तसं तापतं तेव्हा, मी मुंबईच्या एका कुटुंबाला खोलीच्या तापमानाची रेड वाइन दिली. त्यातले आजोबा एक घोट घेऊन म्हणाले, "काढा छान आहे, पण मला खोकला नाही." पुस्तिका लिहिणाऱ्याची खोली थंड प्रदेशातली होती हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून रेडची बाटलीही मी तासभर थंड करूनच देऊ लागलो.

खरी अडचण वेगळी होती. बाटलीमागच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे, या वाइनमध्ये ब्लॅककरंट, प्लम आणि सिडारचा गंध आहे. ब्लॅककरंट आम्ही फक्त आइस्क्रीमच्या डब्यावर वाचला होता. प्लम बाजारात एकदा पाहिलं होतं. सिडार हे झाड आहे की मसाला यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. ही नावं आम्ही पाठ करून पाहुण्यांपुढे म्हणायचो, पाहुणे मान डोलवायचे, आणि त्यांनाही काही कळत नव्हतं हे त्यांच्या तोंडावरून दिसायचं. दोन्हीकडून नुसतं नाटक चाललेलं.

एका पावसाळ्यात जंगल बंद होतं. चुकून आलेले पाचसहा पाहुणे व्हरांड्यात बसून कंटाळले होते. मी मातीच्या बारा दिवल्या, वाटीएवढ्या पणत्या, घेतल्या आणि हाताशी लागेल ते त्यांत भरलं. सुकलेली मोहफुलं, जांभळाच्या बिया, चारोळ्या, गूळ, चिंच, धानाचं तणीस म्हणजे भाताचा पेंढा, नवा कोंडा, मिरी, कातड्याच्या चपलेचा तुकडा, डिंक, चुलीतला अर्धवट जळका लाकडाचा ढलपा आणि बाराव्या दिवलीत तलावाचा चिखल. वर पळसाची पानं झाकली. पाहुण्यांच्या डोळ्यांना दुपट्टे बांधले आणि एकेक दिवली नाकाखाली धरली. ओळखा. मग वाइनचा ग्लास हातात दिला आणि विचारलं, आता सांगा, या ग्लासात कोणती दिवली लपली आहे?

अर्ध्या तासात व्हरांडा गजबजला. बँकेतले एक साहेब ग्लासात जळकं लाकूडच आहे म्हणून बायकोशी भांडले. इतके दिवस वाइन म्हटलं की जी माणसं परीक्षेला बसल्यासारखी आखडायची, ती लहान पोरांसारखी ओरडू लागली. त्या दिवसापासून आमच्या रिसॉर्टला हा खेळ लागला तो लागलाच. नियम मी एकच केला. उत्तर चुकत नसतं, नाक जे सांगेल ते बेधडक बोलायचं. संध्याकाळी सफारीच्या गाड्या परतल्या की पाहुणे बूट न काढताच विचारायचे, "वासुभाऊंच्या वाट्या आज आहेत ना?"

या खेळात मी पाहिलेला सगळ्यात पक्का गडी दारूला शिवलाही नव्हता. गोंदियाचे एक राइस मिलवाले शेठजी, नातवंडांना घेऊन आले होते. म्हणाले, "हम पीते नहीं, मगर सूँघने में क्या पाप है?" बारापैकी अकरा दिवल्या त्यांनी फटाफट ओळखल्या. तणसाच्या दिवलीशी थांबले आणि म्हणाले, "ये पैरा इस साल का नहीं है, पुराना है." खरंच जुनं होतं. मग वाइनचा ग्लास हुंगून म्हणाले, "इमली, और थोड़ा चमड़ा," आणि एक थेंबही न घेता ग्लास परत केला. त्या ग्लासाला त्या दोन शब्दांपेक्षा एक अक्षर जास्त लागत नव्हतं. आयुष्यभर धानाची मूठ हुंगून भाव करणाऱ्या माणसाला शिकवायला मी कोण?

आता सुगरताबाईबद्दल. ही जवळच्याच गावची गोंड बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मोरीवर काचेचे ग्लास धुण्यासाठी मीच तिला घेतलं, कारण तिच्या हातून काच फुटत नव्हती. एकदा मी पाहिलं, उष्टे ग्लास धुण्याआधी ती एकेक तोंडाशी नेत होती. मला राग आला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सुगरताबाई, पाहुण्यांची उष्टी पिता का?"

तिने ग्लास खाली ठेवला. "पेत नाही जी. हुंगून राहिली."

"काऊन?"

"पाहून राहिली का कोनत्यात काय हाये." मग तिने समोरचे सात ग्लास तीन ठिकाणी वेगळे केले. "हे एका बाटलीतले. हे दुसरीतले. आन् हा एकटा." मी टेबलांचा हिशेब आठवून पाहिला. सगळे बरोबर होते. दोन बाटल्या एकाच द्राक्षाच्या होत्या, फक्त वर्षं वेगळी, तरी तिने त्या वेगळ्या काढल्या होत्या.

हे कसं जमतं म्हणून विचारलं तर तिला प्रश्नच कळेना. मोहफुलं वेचताना झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, तो धूर फुलांना लागतो. दुसऱ्याच्या टोपलीतली फुलं हुंगून ती सांगायची, कोणी पाला जाळला आणि कोणी नुसता झाडला. कोणत्या झाडाची फुलं तेही सांगायची. "ज्याले नाक हाये त्याले कळते," एवढंच तिचं म्हणणं.

मी तिची माफी मागितली का? नाही. मी तिला दिवल्या भरायचं काम दिलं. त्यानंतर खेळाला रंग चढला तो तिच्यामुळे. ती ऋतूप्रमाणे दिवल्या बदलायची, टेंभुर्णीचं पिकलेलं फळ, पहिल्या पावसाआधीची वारुळाची माती, तव्यावर करपलेला तांदूळ. व्हरांड्यात टाळ्या मला मिळायच्या. नाव वासुभाऊंच्या वाट्या असंच राहिलं, आणि ती मोरीवर. यात काही चुकतंय असं मला त्या काळात एकदाही वाटलं नाही, हे मी इथं लिहून ठेवतो.

मग ती साथ आली. रिसॉर्ट बंद पडलं, मला ताप आला, उतरला, आणि तापाबरोबर नाक गेलं. त्या दिवसांत बऱ्याच जणांचं गेलं होतं, महिना-दोन महिन्यांत परत आलं. माझं आलं नाही. बायकोने लसणाची फोडणी माझ्या नाकापुढे धरली तर डोळ्यांत पाणी आलं, वास नाही. रिसॉर्ट पुन्हा सुरू झालं तेव्हा मी कोणालाही सांगितलं नाही. नाक नसलेला वाइनवाला कोण ठेवेल? वय पन्नाशीच्या पुढे, दुसरं कुठलं काम येत नाही. बाटल्या मला पाठ होत्या, त्यांचे गंध पाठ होते. दिवल्या ठराविक क्रमाने मांडलेल्या असत. मी ग्लासात नाक घालून डोळे मिटायचो आणि पाठांतर म्हणायचो.

असे काही आठवडे निभले. एका संध्याकाळी दिवल्यांचा क्रम बदलला होता आणि मी चिखलाची दिवली उचलून म्हणालो, "घ्या, जांभूळ." लोकांना वाटलं मी गंमत करतोय, खूप हसले. दुसऱ्या दिवशी सुगरताबाई पुसलेला ग्लास उजेडात धरून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भाऊ, तुमचं नाक गेलं ना?"

मी मोरीचं दार लोटून घेतलं.

"मी कोनाले नाही सांगत," ती म्हणाली. त्या दिवसापासून प्रत्येक दिवलीवरचं पान ती वेगळ्या तऱ्हेने दुमडू लागली, मला डोळ्यांनी कळावं म्हणून. बाटली बाहेर जाण्याआधी मी थोडी वाइन ओतून मोरीवर नेऊ लागलो. ती हुंगायची, मान हलवायची, मग मी ऐटीत बाहेर यायचो.

आता ज्या संध्याकाळसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. मालक नागपूरहून स्वतः आले होते, सोबत आठ पाहुणे. मालकांना दुसऱ्या जंगलाजवळ नवं रिसॉर्ट काढायचं होतं, त्यातल्या दोन पाहुण्यांना भागीदार करून घ्यायचं होतं, आणि तिथल्या वाइनचं सगळं काम माझ्याकडे द्यायचं होतं. मॅनेजर सकाळपासून माझ्यामागे. "वासुभाई, आज कुछ गड़बड़ नहीं होना." मालकांनी परदेशातून आणलेल्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या, एकाच प्रकारच्या, बुचाच्या. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना हल्ली फिरकीचं झाकण असतं, बुचाच्या बाटलीचा मान वेगळा. ती पाहुण्यांसमोरच उघडायची असते. म्हणजे मोरीवर नेता येणार नव्हती.

मी सगळ्यांसमोर बूच काढलं, थोडी ओतली, फिरवली, नाक घातलं, डोळे मिटले. आत काहीच नव्हतं, नेहमीसारखी रिकामी जागा. "उत्तम," मी म्हणालो, आणि आठ ग्लास भरले.

पाहुणे प्याले. मग टोकाला बसलेल्या एक मध्यमवयीन बाई, शाळेत शिकवत असल्याचं त्यांनी ओळख करून देताना सांगितलं होतं, जरा चाचरत म्हणाल्या, "मला यात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. पण मला काय कळतं म्हणा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मालकही. आणि मी, ज्याने उत्तर चुकत नसतं असं शेकडो लोकांना सांगितलं होतं, तो म्हणालो, "तो मातीचा गंध आहे बाई. भारी वाइनला असतो. सवय लागते." बाई ओशाळून हसल्या. नवऱ्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी पुढचा घोट मुकाट्याने घेतला.

मी हुंगलेला ग्लास उचलून आत गेलो. सुगरताबाई मोरीच्या दारातच उभी होती. तिने ग्लास घेतला, नाकाशी नेला आणि लगेच दूर केला.

"हे कायले देऊन राहिले लोकायले? ओल्या बारदान्याचा वास येऊन राहिला."

बुचाला कधीकधी बुरशीचा दोष लागतो, तो वाइनमध्ये उतरतो. पिऊन काही होत नाही, पण फळाचा वास सगळा मरतो आणि उरतो ओला पुठ्ठा, ओलं पोतं. हा दोष ओळखणं म्हणजे आमच्या कामातली पहिली पायरी. मी तीच चुकलो होतो.

आणि तरी खरं सांगतो, मला पहिला विचार आला तो गप्प राहण्याचा. बाहेर कोणाला कळणार नव्हतं. परदेशी बाटली वाईट लागली तर माणूस बाटलीला दोष देत नाही, स्वतःच्या जिभेला देतो. त्या बाई आयुष्यभर समजल्या असत्या की आपल्याला वाइनमधलं कळत नाही. मला नवं रिसॉर्ट मिळालं असतं.

सुगरताबाई माझ्याकडे पाहत होती. "त्या बाईले बरोबर वास आला होता," ती म्हणाली. "मी इथून आयकलं."

बस, एवढंच. तिने आग्रह केला नाही. मी बाहेर आलो, टेबलाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "माफ करा. ही बाटली खराब आहे. बाईंचं नाक बरोबर होतं, माझं चुकलं. चुकलं म्हणजे, मला नाकच नाही. साथीत गेलं. वर्ष होत आलं, मी लपवून ठेवलं. वाइन ओळखणारं माणूस आत आहे. तुम्ही म्हणाल तर बोलावतो."

मॅनेजरने डोक्याला हात लावला. मालकांच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं नाही, पाहायची हिंमत नव्हती. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "बोलवा ना."

सुगरताबाई पदराला हात पुसत आली. मी दुसरी बाटली उघडून थोडी तिच्या ग्लासात ओतली. तिने तो पोटाला धरला, दांड्याला नाही, आणि हुंगण्याआधी बोटाने चार थेंब मालकांच्या गुळगुळीत फरशीवर सोडले. आमच्याकडे मोहाच्या दारूची पहिली धार काढली तरी आधी थोडी जमिनीला देतात, देवांसाठी आणि गेलेल्या माणसांसाठी. मग प्यायची. परदेशी आहे म्हणून तिने नियम बदलला नाही.

मग ती हुंगली. सावकाश, दोनदा. "हे चांगली हाये," ती म्हणाली. "जांभूर हाये. पिकलेला, खाली पडलेला. आन् धूर लागलेला मोह, पन पाला जाळल्याचा नाही, चुलीचा धूर. मांगून मिरी येते."

मी आठ स्वच्छ ग्लास भरले, आठही माणसांनी नाकं त्यांत घातली. "मिरी!" शिक्षिकाबाई जवळजवळ ओरडल्याच. पुढे तासभर व्हरांड्यात जो कल्ला झाला, तसा माझ्या कुठल्याच संध्याकाळी झाला नव्हता. सुगरताबाईला एकाने बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही, उभ्याउभ्याच एकेकाला दिवल्या हुंगवत राहिली आणि चुकणाऱ्याला सरळ म्हणायची, "नाही जी, पुन्हा हुंगा." मी तिच्या मागे बाटली घेऊन उभा होतो. मला इतकं छान का वाटतंय ते मला कळत नव्हतं.

सकाळी मालकांनी बोलावलं. मी कपडे भरून ठेवले होते. ते म्हणाले, "वासू, लपवलंस ते वाईट केलंस." मग म्हणाले, "ती व्हरांड्यात येईल का रोज? हुंगायचं तिने, बोलायचं तू."

मी हे तिला सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं. "बोलीन तं मीच बोलीन," ती म्हणाली. "माझ्याच बोलीत. ज्याले समजत नाही त्याले तुमी समजवा." मालकांनी ते मान्य केलं. नवं रिसॉर्ट सुरू झालं नाही, भागीदारांचं काही जमलं नाही म्हणे, त्याच्याशी आमचा संबंध नव्हता. आमच्या व्हरांड्यात मात्र सुगरताबाईच्या वाट्या लागल्या. नागपूरच्या मोठ्या हॉटेलांतले शिकाऊ दोनदा येऊन तिच्याकडून दिवल्या हुंगून गेले. वहीत ब्लॅककरंट लिहिणाऱ्या पोरांना मी माझ्या कानांनी विचारताना ऐकलं आहे, "बाई, चुलीचा धूर आणि पाल्याचा धूर यात फरक कसा ओळखायचा?" बावीस वर्षांत मी हजारो बाटल्या उघडल्या, पण कोणी विचारलं की तू काय केलंस, तर मी तिचंच नाव सांगतो. एवढं दुसरं काही मला चांगलं जमलेलं नाही.

स्वतः सुगरताबाईला वाइन आवडत नाही. आंबट लागते म्हणते.

या वर्षी मी काम सोडलं. शेवटच्या दिवशी पाहुणे जेवायला गेल्यावर आम्ही दोघंच व्हरांडा आवरत होतो. ती दिवल्या रिकाम्या करत होती, मी ग्लास गोळा करत होतो. ती एकदम म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुमचं नाक राहिलं असतं तं मले मोरीतून बाहेर आनलं असतं काय?"

उत्तर मला माहीत होतं. तिला तोंडावर काही गोड सांगता आलं असतं, आणि तिने ते ऐकूनही घेतलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"मालूम होतं मले," ती म्हणाली. मग तिच्या हाताशी राहिलेले ग्लासही तिने माझ्या ट्रेमध्ये ठेवले आणि मोरीकडे बोट केलं. ते सगळे मी धुतले.